चांगला, चांगली, चांगलं : मेजर कँडींची गोष्ट

आधी माझी एक चूक सांगते, म्हणजे दीडशे वर्षांपूर्वी गेलेल्या एका इंग्रज माणसाच्या मागे मी का लागले ते कळेल.

मागच्या अंकाच्या वेळी मंडळाने माझ्याकडे चौदा कविता दिल्या होत्या. सगळ्या ज्युनिअर्सच्या. प्रत्येक कवितेखाली दोन ओळींचा अभिप्राय लिहून ती परत करायची, एवढंच काम. मी ते सिमरोलहून कॉलेजला येताना बसमध्ये उरकलं. खंडवा रोडवर बस उड्या मारत होती आणि मी मोबाईलवर लिहीत होते. पहिलीखाली लिहिलं, ब्यूटिफुली लिहिलंय. दुसरीखाली तोच शब्द बरा दिसणार नाही म्हणून वंडरफुली. मग सुपर्बली, ब्रिलियंटली, ॲडमिरेबली. तेजाजी नगरच्या चौकात बस अडकली तोवर माझा साठा संपला. मग मोबाईलवरच समानार्थी शब्द शोधले आणि उरलेल्या कवितांना वाटून टाकले.

दोन दिवसांनी फर्स्ट इयरची एक मुलगी लायब्ररीबाहेर भेटली. तिच्या वाट्याला एक्सलंटली आलं होतं. तिने अगदी सरळ मनाने विचारलं, "ताई, एक्सलंटली म्हणजे नेमकं काय आवडलं तुम्हाला?"

मला उत्तर देता आलं नाही, कारण मी तिची कविता पूर्ण वाचलीच नव्हती.

त्या रात्री घरी बसून मी ठरवलं, निदान मराठीत लिहावं. पण या 'ली'कारान्त शब्दांना मराठीत काय म्हणायचं? सरांनी पूर्वी एकदा एका जुन्या इंग्रजी-मराठी कोशाचं नाव सांगितलं होतं, 1847 सालचा. त्याची स्कॅन केलेली प्रत मिळाली. मुखपृष्ठावर दोन नावं होती. आखणी आणि सुरुवात मोल्सवर्थ यांची, पुढे चालवून पूर्ण केला तो कँडी यांनी. मोल्सवर्थ हे नाव मराठीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला माहीत असतं. कँडी कोण, हे मला माहीत नव्हतं.

थॉमस कँडी यांचा जन्म 1804 सालचा, इंग्लंडमधला. जॉर्ज नावाचा त्यांना जुळा भाऊ होता. थॉमस 1822 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यात हिंदुस्थानात आले. वय अठरा म्हणजे आपल्या फर्स्ट इयरचं. तेव्हा पेशवाई बुडून चार वर्षं झाली होती. आपल्या इंदूरच्या बाजूला सांगायचं तर डिसेंबर 1817 मध्ये महिदपूरला होळकरांचा पराभव झाला, जानेवारी 1818 मध्ये मंदसौरचा तह झाला आणि सिमरोलपासून जवळच, महूला, इंग्रजांची छावणी उभी राहिली. पुण्यातही तीच कथा. मराठी मुलूख हातात आला होता आणि लोकांचं बोलणं मात्र कळत नव्हतं. अर्ज यायचे, तक्रारी यायच्या, न्यायनिवाडा करायचा असायचा. ज्या अधिकाऱ्याला मराठी येईल त्याला त्या काळात फार किंमत होती.

पण नुसत्या सरकारी गरजेपोटी कोणी आयुष्यभर शब्द गोळा करत बसत नाही. जेम्स थॉमस मोल्सवर्थ हे कँडींच्या आधी दहा वर्षं, 1812 मध्ये, सोळा-सतरा वर्षांचे असताना आले होते. त्यांनी मराठी आणि संस्कृत शिकून शब्दांचा संग्रह सुरू केला होता. सरकारने कोशाचं काम मंजूर केल्यावर त्यांच्या मदतीला हे जुळे कँडी बंधू आले. शास्त्रीमंडळी शब्द जमवून आणायची, मग ते तपासायचे, अर्थ लावायचा, कुठला शब्द संस्कृत, कुठला फारसी, कुठला हिंदुस्थानी याची खूण करायची. एखादा शब्द गावंढळ आहे म्हणून त्यांनी बाहेर ठेवला नाही. 1831 मध्ये हा मराठी-इंग्रजी कोश छापून झाला. त्यात सुमारे 40,000 शब्द होते. लोक मोल्सवर्थना मोलेसरशास्त्री म्हणू लागले. कँडींना असं काही लाडकं नाव मिळाल्याचं माझ्या वाचनात नाही.

मग दुसरा कोश हाती घेतला, उलट्या दिशेचा, म्हणजे इंग्रजी शब्दाला मराठी प्रतिशब्द देणारा. माझ्या मते खरी कसोटी इथे होती. मराठी शब्दाचा अर्थ इंग्रजीत समजावून सांगताना दोन वाक्यं जास्त लिहिली तरी चालतं. इंग्रजी शब्दासाठी मात्र मराठी माणूस खरोखर जे म्हणतो तेच शोधावं लागतं. आणि मी ज्यात अडकले होते ते पसंतीचे शब्द तर फारच अवघड.

इंग्रजीत कसं आहे बघा. ब्यूटिफुल हे विशेषण. त्याला 'ली' लावली की क्रियाविशेषण तयार. गुडचं मात्र गुडली होत नाही, वेल होतं, पण असे काही अपवाद सोडले तर कारखाना सुरळीत चालतो. आणि एकदा तयार झालेला शब्द कुठेही चिकटवता येतो. गाणं असो, भाषण असो, पोळी असो, तो शब्द बदलत नाही. त्याला समोरच्या वस्तूशी काही देणंघेणं नसतं.

आता मराठी. तिने अभंग चांगला म्हटला. तिने आरती चांगली म्हटली. तिने गाणं चांगलं म्हटलं. तिने चार ओळी चांगल्या लिहिल्या. म्हणण्याची, लिहिण्याची पद्धत चांगली होती असंच आपल्याला सांगायचं असतं, तरी शब्द वाकतो तो वस्तूकडे. अभंग की आरती, एक की अनेक, हे ठाऊक असल्याशिवाय 'चांगलं'चा शेवटचा स्वरसुद्धा ठरत नाही. कोशाच्या पानात हे मावत नाही. तिथे एकच रूप छापावं लागतं, बाकीचं वाचणाऱ्याने करायचं.

दुसरी वाट म्हणजे 'चांगल्या रीतीने', 'उत्तम प्रकारे'. व्याकरणात बिनचूक, पण घरात कोणी म्हणत नाही. आईला 'भाजी उत्तम प्रकारे केलीस' म्हणून बघा, ती आधी कपाळाला हात लावून ताप बघेल. ही भाषा अहवालात शोभते.

तिसरी वाट न वाकणाऱ्या शब्दांची. छान, सुरेख, उत्तम, मस्त, झकास, फक्कड. हे इंग्रजी शब्दांसारखे कुठेही बसतात, म्हणून आपण ते सगळीकडे वापरून गुळगुळीत करून ठेवलेत. 'छानपैकी', 'मस्तपैकी' ही तर आपली घरची 'ली' आहे. पण गंमत अशी की छानपैकी चहा प्यायलो म्हणताना आपण चहा करणाऱ्याला दाद देत नाही, स्वतःची मजा सांगतो. दुसऱ्याच्या कवितेखाली 'छानपैकी लिहिलंय' लिहिता येत नाही.

शिवाय पायऱ्या आहेत. बरं, ठीक, चांगलं, छान, उत्तम. यातलं 'बरं' तर नुसत्या आवाजावर कुठेही चढतं नि उतरतं. मग शाबास, वाहवा, भले यांसारखे उद्गार. शाबास मूळ फारसी, आणि त्याचा मूळ अर्थ आनंदी राहा असा. म्हणजे तो आधी आशीर्वाद आहे, अभिप्राय नंतर. म्हणूनच तो मोठ्याने धाकट्याला द्यायचा. आपण सरांचं व्याख्यान ऐकून त्यांना शाबास म्हणत नाही, फार छान झालं सर, असं म्हणतो. आणि दोन्ही भाषांची एक खोड मात्र सारखी आहे. इंग्रजीत ऑफुली गुड, टेरिबली नाइस म्हणतात तसं आपण भयंकर सुंदर म्हणतो. भीतीचा शब्द कौतुकाच्या कामाला लावायची कल्पना कुणाकडून कुणाकडे गेली की दोघांनाही आपापली सुचली, मला सांगता येणार नाही.

हे सगळं मी माझ्या बोलण्यातून सांगतेय. पण अशा प्रत्येक शब्दाशी कोणीतरी कधीतरी पहिल्यांदा झगडलं, आणि ते टेबलापाशी बसून, रोज. कँडींच्या कोशात एका इंग्रजी शब्दाखाली मराठी शब्दांची आणि वाक्प्रयोगांची लांबच लांब रांग असते. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं, यांना निवड करता आली नाही वाटतं. आता वाटतं, एका शब्दावर भागत नाही हे त्यांना कळलं होतं. मी त्या चौदा कवितांसाठी समानार्थी शब्द शोधले ते एकसारखेपणा लपवायला. त्यांनी रांग लावली ती कुठे कुठला चालेल हे दाखवायला.

1836 मध्ये मोल्सवर्थ यांची प्रकृती ढासळली आणि ते इंग्लंडला परत गेले. कोश अर्धवट. जॉर्ज कँडी यांनी पुढे सैन्य सोडून धर्मोपदेशकाचा मार्ग धरला. उरले थॉमस. दुसऱ्याने आखलेलं, दुसऱ्याच्या नावाने ओळखलं जाणारं काम पुरं करायला त्यांना आणखी अकरा वर्षं लागली. तेसुद्धा दुसऱ्या नोकरीच्या बरोबरीने. पुण्यात विश्रामबागवाड्यात 1821 साली सुरू झालेल्या संस्कृत पाठशाळेची देखरेख 1837 पासून त्यांच्याकडे होती. तिथे संस्कृतबरोबर मराठी आणि इंग्रजी यांना जागा मिळू लागली ती याच काळात. 1847 मध्ये कोश निघाला, आणि मुखपृष्ठावर मोल्सवर्थ यांचं नाव आधी आलं. अकरा वर्षं घासलेल्या माणसाने आपलं नाव दुसऱ्या जागी ठेवलं आणि कामाची वाटणी अगदी कोरड्या शब्दांत सांगितली. ज्याने पसंतीच्या सगळ्या क्रियाविशेषणांचे प्रतिशब्द शोधले त्याच्या स्वतःच्या कामाच्या मुखपृष्ठावर पसंतीचं एकही क्रियाविशेषण नाही. मला हे फार आवडलं.

कँडींचं आणखी एक काम आपण रोज वापरतो आणि आपल्याला त्याचा पत्ता नसतो. जुन्या मराठी पोथ्यांत आणि मोडी कागदांत आजच्यासारखी विरामचिन्हं नव्हती. दंड असायचे, तेही पोथीत. स्वल्पविराम, अर्धविराम, प्रश्नचिन्ह ही मंडळी इंग्रजीकडून आली, आणि ती मराठीत कशी वापरायची हे शिकवणारं पुस्तक कँडींनी लिहिलं, 'विरामचिन्हांची परिभाषा', 1850 मध्ये. म्हणजे शाबास हा शब्द आपल्याकडे जुना, पण त्याच्यापुढे उभं राहणारं उद्गारचिन्ह बाहेरचं. आपण व्हॉट्सॲपवर एकाच्या जागी पाच उद्गारचिन्हं टाकतो त्याचा दोष अर्थातच कँडींना देता येणार नाही.

पुढे ते सरकारचे मराठी भाषांतरकार झाले. शाळाखात्याच्या मराठी पुस्तकांची भाषा त्यांच्या नजरेखालून जाऊ लागली. इथे मात्र थांबून विचार करावा लागतो. शुद्ध काय, चांगलं मराठी कुठलं, मुलांनी कुठलं वाचायचं, हे एक परका अधिकारी ठरवत होता. तो कितीही मेहनती असला तरी त्याचं कान इंग्रजी वाक्यावर घडलेलं होतं. सरकारी पुस्तकांचं आणि भाषांतरांचं मराठी पुढे इंग्रजी वळणाचं होत गेलं, ही तक्रार खोटी नाही. कृष्णशास्त्री चिपळूणकर हे पुण्याच्या त्याच पाठशाळेत, कँडींच्या काळात शिकले. आणि त्यांचे चिरंजीव विष्णुशास्त्री यांनी 1874 मध्ये निबंधमाला सुरू केली ती मराठी भाषेच्या तेव्हाच्या स्थितीवर बोट ठेवूनच. म्हणजे शिष्याच्याच घरातून उत्तर आलं. आपण आजही 'चांगल्या प्रकारे संपन्न झाला' असं लिहितो तेव्हा त्या भांडणाच्या मधोमध उभे असतो.

मी कॅथलिक आहे, म्हणून मला या संदर्भात आणखी एक थॉमस आठवतो. फादर थॉमस स्टीफन्स, तेही इंग्रज, 1579 मध्ये गोव्यात आले आणि त्यांनी 1616 साली क्रिस्तपुराण छापलं. आमच्या आजीकडून मी त्याचं नाव लहानपणी ऐकलं होतं. स्टीफन्सनी मराठीचं कौतुक मराठीतच, ओवीत केलं, आणि ते आजही सगळ्यांना पाठ असतं. कँडी प्रोटेस्टंट, सैनिक, आणि कवी अजिबात नव्हेत. त्यांनी मराठीचं कौतुक केलं असेल तर ते पंचवीस वर्षं तिचे शब्द मोजून, बाकी काही न बोलता. दोघांत कोणाचं कौतुक मोठं हे मला ठरवायचं नाही. पण पहिल्या प्रकारचं जमायला प्रतिभा लागते, आणि दुसऱ्या प्रकारचं आपल्यापैकी कुणालाही जमू शकतं, बसायची तयारी असेल तर.

1851 मध्ये मोल्सवर्थ परत आले, पहिल्या कोशाची नवी आवृत्ती करायला. कँडी पुन्हा मदतीला होते. 1857 मध्ये ती आवृत्ती निघाली तेव्हा शब्दसंख्या सुमारे 60,000 झाली होती. तीच आपण आजही मोल्सवर्थचा कोश म्हणून उघडतो. त्यानंतर मोल्सवर्थ इंग्लंडला गेले आणि तिथेच वारले. कँडी इथेच राहिले. 1877 मध्ये महाबळेश्वरला त्यांचं निधन झालं. अठराव्या वर्षी आलेला मुलगा पंचावन्न वर्षं मराठी मुलखात काढून त्याच मातीत गेला.

आता घरचं. आम्ही मूळचे नगर जिल्ह्यातले. बाबांच्या कामामुळे सिमरोलला आलो. घरात तीन पिढ्यांचं तीन प्रकारचं मराठी आहे. बाबा इंदुरी झालेत, त्यांना सगळं 'बढिया' असतं. माझं मगाशी सांगितलंच. आजीचा शब्द आहे 'ब्येस'. दोन वर्षांपूर्वी मिस्सेत मी पहिल्यांदा वाचन केलं. बाहेर आल्यावर आजी सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणाली, "ब्येस वाचलंस गं." माझ्याबरोबर कॉलेजच्या दोघी होत्या. मला लाज वाटली. मी घाईघाईने तिला रिक्षाकडे नेलं. रिक्षात बसल्यावर ती पुढे म्हणाली, "मधी एका ठिकाणी पळालीस, पर शेवटाला थांबलीस ना, ते ब्येस."

तेव्हा मी फक्त 'ब्येस' ऐकला होता. बाकीचं वाक्य मला या महिन्यात ऐकू आलं. आजीने माझं वाचन शब्दन्‌शब्द ऐकलं होतं. कुठे पळाले आणि कुठे थांबले हे तिला माहीत होतं. तिचा शब्द न वाकणारा असला तरी ती स्वतः वाचनाकडे वाकली होती. आणि मी चौदा कवींना चौदा सुंदर इंग्रजी शब्द दिले, त्यांच्याकडे न बघता.

दोष इंग्रजीचा नाही, हे स्पष्ट करते. मी दोन्ही भाषांत शिकते आणि दोन्ही माझ्या आहेत. इंग्रजीत मन लावून लिहिलेला अभिप्राय मला मिळालेला आहे आणि मराठीत नुसतं 'सुंदर' टाकून पळणारेही आपल्या मंडळात आहेत, नावं घेत नाही. फरक एवढाच, की मराठीत 'चांगलं' लिहायला गेलं की व्याकरणच विचारतं, काय चांगलं? अभंग की आरती? उत्तर द्यावंच लागतं. निदान एवढा प्रश्न तरी मला लिहिण्याआधी पडायला हवा होता.

मी चौदाही कविता मागून घेतल्या. संपादकांना खरं कारण सांगितलं आणि बोलणी खाल्ली. या वेळी तीन संध्याकाळी लागल्या. सहा कवितांखाली मी 'चांगली' लिहू शकले, पण कुठली ओळ ते सांगून. चारांत मला एकच शब्द आवडला होता, तेवढाच लिहिला. उरलेल्या चार मला कळल्या नाहीत, तसं लिहिलं.

त्या फर्स्ट इयरच्या मुलीची कविता बोअरवेलवर आहे. उन्हाळ्यात बोअर आटतो आणि मोटर नुसती हवा ओढते, त्या आवाजावर. मी लिहिलं, तिसरी ओळ चांगली आहे, तिथे आवाज खरंच ऐकू येतो. शेवटचं कडवं घाईत संपवलंस असं वाटलं. ती दुसऱ्याच दिवशी भांडायला आली. शेवटचं कडवं घाईत नाही, मोटर बंद करायची घाई आहे ती, म्हणाली. आम्ही लायब्ररीबाहेरच्या पायऱ्यांवर अर्धा तास वाद घातला. तिने ते कडवं बदललं नाही. कविता याच अंकात आहे, वाचा आणि तिला कळवा. फक्त काय आवडलं ते सांगा.